काडतुसातलं कुंकू

चहा आधी संपवून घ्या बाई सगळ्याजणी! पुढचं ऐकताना कुणाला ठसका लागला, कुणाच्या नाकातून चहा आला, तर मला बोल लावायचा नाही. अशी फजिती माझी जन्मात झाली नव्हती आणि ती मी एकटीनं नाही, सगळ्या गल्लीला बरोबर घेऊन करून घेतली. बघा, आत्ताच हसताय! अजून मी काही सांगितलंसुद्धा नाही.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आम्ही नगरला माळीवाड्यात राहत होतो. हे कोर्टात शिरस्तेदार. अंगात लांब कोट, डोक्याला टोपी, कानावर टाक, आणि चेहरा असा की समोरच्याला आपण काहीतरी गुन्हा केलाय असंच वाटावं. मी पंचेचाळिशीला टेकलेली. थोरली मुलगी सासरी गेलेली, धाकटा पुण्याला शिकायला. घरात आम्ही दोघंच.

आता माझा रोजचा शृंगार तो काय? आंघोळ झाली की केसांना चपचपीत तेल, मागे घट्ट खोपा, डोळ्यांत काजळाचं बोट. मग डबीतलं मेण घ्यायचं, कपाळाला गोल लावायचं, त्यावर कुंकू दाबायचं आणि नाकावर सांडलेलं पदरानं पुसायचं. झालं! लग्न झालं तेव्हापासून यात तसूभर फरक नाही. आरशात बघायचीसुद्धा गरज पडत नसे. बोटाला कपाळ पाठ होतं.

पण त्या वर्षी कपाळ बिनसलं. लढाईमुळे बाजारात धड काही मिळेना. त्या कुंकवात काय मिसळत होते देव जाणे! आधी नुसती खाज, मग पुरळ, मग कुंकवाखाली चांगला काळा चट्टा उठला. शेवटी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई नगरच्याच, ख्रिस्ती, बोलायला अगदी सडेतोड. माझं कपाळ खिडकीकडे वळवून त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "सुशीलाबाई, हे मेण बंद. हे कुंकूही बंद. कपाळ मोकळं ठेवायचं."

"मोकळं?" मी उडालेच. "अहो, आमचे हे चांगले धडधाकट आहेत! सकाळीच भाकऱ्या खाऊन कोर्टात गेलेत!"

"मग दुसरं काहीतरी लावा. चांगल्यातलं. पण हे नको. या वयात कातडी बदलते. तरुणपणी सोसलं ते आता सोसेलच असं नाही."

'या वयात' हे शब्द मला असे टोचले म्हणून सांगू! घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "मग आण की चांगल्यातलं. कँपात सगळं मिळतं म्हणे."

खरंच होतं ते. गावात साधी सुई मिळायची मारामार, पण भिंगारच्या कँपात गोऱ्या सोल्जरांची आणि त्यांच्या मडमांची चंगळ. म्हटलं, चला! इतकी वर्षं तेच ते केलं, आता जरा नव्या पद्धतीनं. टांगा केला आणि एकटी निघाले.

तिथे करीमभाईंचं दुकान होतं. पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा, तोंडात मिठास. माझी नऊवारी बघूनच ते उठून उभे राहिले. "या बाईसाहेब, या. काय दाखवू?"

त्यांनी तोंडाला लावायचा स्नो दाखवला, पावडर दाखवली. दोन्ही घेतलं. तेवढ्यात कपाटात मला ती दिसली. सोनेरी पितळेची नळी, बोटाएवढी. काडतूसच म्हणा ना! झाकण काढून करीमभाईंनी बूड फिरवलं आणि आतून काय वर आलं! लालभडक कांडी! अहो, कुंकवाचा रंग, मेणाचा मऊपणा, वर गुलाबाचा वास. मेण आणि कुंकू एकातच! मी हाताच्या पाठीवर टिकली काढून बघितली, फुंकर मारून बघितली, सांडायचं नाव नाही. म्हटलं, हे साहेबलोक उगीच नाही राज्य करत!

नळीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. पण मला इंग्रजी येत असतं तर आज तुम्हाला सांगायला उरलं काय असतं?

"हे द्या," मी म्हटलं.

करीमभाई घुटमळले. "बाईसाहेब, ही मडमांची चीज हाय. कुनाला पायजे?"

"कुणाला म्हणजे? मलाच!"

"तुमी लावनार?"

"का? या वयात लावू नये असं कुठं लिहिलंय का?"

"न्हाई, न्हाई! माझं काय म्हननं न्हाई. पन घरी साहेबांना चालंल का?"

"त्यांनीच तर सांगितलं, कँपात जाऊन चांगल्यातलं आण."

करीमभाईंनी नजर खाली वळवली. दाढीवरून हात फिरवला. मग हळूच विचारलं, "म्हंजे घरातल्या घरातच लावनार ना?"

"घरातल्या घरात कशाला? चारचौघांत जाताना लावायलाच हवं. देवळात जाताना तर आधी!"

"देवळात!" बिचाऱ्यांच्या हातातून पुडी बांधायची दोरी सुटली. ती उचलून त्यांनी गाठ मारली. पुडी दिली आणि कपाळाला हात लावून सलाम मात्र असा केला, जसा कलेक्टरला करावा. मला वाटलं, केवढा मान देतो हा माणूस बायकांना!

झाला माझा नवा शृंगार सुरू. पहिल्या दिवशी स्नोवर पावडर जरा जास्तच बसली. आमची दूधवाली रखमा, रोज हिवऱ्याकडून यायची, ती दारातच थबकली. "वैनी, दळान करत हुता का?"

पण कुंकू! कुंकवानं मात्र सगळ्यांचे डोळे दिपवले. गोल, ठसठशीत, चकचकीत. पंधरवड्यात कपाळावरचा चट्टाही निवळला. शेजारच्या गोदूवहिनी म्हणजे गल्लीतल्या मोठ्या जाणत्या, कुणाच्या लुगड्याचा काठ कुठून फाटलाय ते लांबून सांगतील अशा. त्या आल्या, अगदी नाकाजवळ नाक आणून माझं कपाळ वाचलं आणि म्हणाल्या, "मेण दिसत नाही, कुंकू सांडत नाही. कुठलं गं हे?"

"कँपातलं. नव्या पद्धतीचं."

"कुंकूच ना पण?"

"मग काय शेंदूर? वास तर बघा!"

त्यांनी वास घेतला आणि तिथल्या तिथे बोट पुढे केलं. मग काय विचारता! रोज दुपारी कुणी ना कुणी वाटी परत द्यायच्या निमित्तानं यायची आणि कपाळ पुढे करायची. मीही मोठ्या ऐटीत नळी फिरवायची. आयुष्यात पहिल्यांदा गल्लीतल्या बायका माझ्याकडून काहीतरी शिकत होत्या हो! डोक्यात वारं शिरायला आणखी काय लागतं?

बघता बघता थंडी सरली. फाल्गुन संपता संपता ती कांडी जरा लिबलिबीत व्हायला लागली. शहाण्या बाईनं तिथेच ओळखलं असतं. मी काय केलं? म्हटलं, उन्हाळ्यात तूप नाही का पातळ होत? आणि नळी माठाखालच्या ओल्या वाळूत खोचून ठेवायला लागले.

मग आलं चैत्रातलं हळदीकुंकू. मी अख्ख्या गल्लीला बोलावणं केलं. माजघरात गौर झोपाळ्यावर बसवली, आरास केली, कैरीची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी, ओटीला भिजवलेले हरभरे. पण खरं सांगू? बायका डाळीसाठी येतच नव्हत्या. येतानाच विचारत होत्या, "ते कँपातलं लावणार ना?"

लावणार म्हणजे काय! गौरीला तेवढं मी नेहमीचं कोरडं कुंकू वाहिलं, एवढी अक्कल देवानं शिल्लक ठेवली होती. पण बायकांना मात्र, प्रत्येकीच्या असलेल्या कुंकवावर, बोटानं सढळ हातानं ते लाल लावत सुटले. कांडी वाळूतून काढली तरी लोण्यासारखी झाली होती. म्हटलं, बरंच झालं, पसरतंय छान.

आणि नगरचा चैत्र तुम्हाला माहीत आहे. माजघराला एक खिडकी, तिच्यात बायकांचीच गर्दी. वारा म्हणून नाही. त्यात मी गुलाबदाणीनं सगळ्यांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं. घाम, गुलाबपाणी, ते लोणी आणि त्याच्याखालचं मेण-कुंकू, सगळं एकमेकांत मिसळलं आणि निघालं की खाली! त्या अंधाऱ्या माजघरात कुणाला काय दिसणार? ज्या त्या बाईला वाटे, घाम ओघळतोय. ती पदरानं पुसे. पुसलं की गालावर, गालावरून हनुवटीवर, हनुवटीवरून मानेवर. आणि तोंडं चालूच!

गोदूवहिनींना घरी पाहुणे यायचे होते. त्या सगळ्यांच्या आधी उठल्या. बाहेर ओट्यावर गेल्या आणि नेमकी समोरून रखमा ताकाची चरवी घेऊन आली.

आत आम्हाला नुसती किंकाळी ऐकू आली.

"आगं बया बया बया! गोदूवैनी! डोस्कं कशानं फुटलं वो?"

गोदूवहिनींनी कपाळाला हात लावला. हात लालभडक! बघितला आणि मटकन खाली बसल्या. ते ऐकून आतल्या सगळ्या बायका काय झालं बघायला धावल्या. उजेडात आल्या आणि एकमेकींची तोंडं दिसली! मग जो कल्लोळ झाला! जी ती दुसरीकडे बोट दाखवून ओरडतेय, "अगं, तुझं डोकं!" "अगं, माझं राहू दे, तुझं बघ!"

रखमानं चरवी टाकली आणि गल्लीतून ओरडत पळाली, "धावा! शिरस्तेदारांचं माळवद पडलं! बाया गावल्या खाली!"

आता माळवद कुठून आलं तिच्या डोक्यात? तर मागल्या पावसात पलीकडच्या घराचं मातीचं माळवद, सगळं छप्परच, खरंच खचलं होतं. लोकांना ते आठवत होतंच. क्षणात पटलं सगळ्यांना! कुणी फावडं घेऊन आला, कुणी घमेलं, कुणी शिडी. कुणीतरी सायकलवरून कोर्टात गेला, कुणी टांगा घेऊन डॉक्टरीणबाईंकडे.

किंकाळी ऐकली तेव्हा मी आत पन्ह्याचे पेले भरत होते. पेला हातात घेऊन बाहेर आले, "काय गं झालं?" म्हणून विचारलं, तो समोरच्या घरच्या दोघी सासवासुनांनी मला धरलं आणि ओट्यावर आडवीच केली.

"वहिनी, हलू नका! तुम्हालाच जास्त लागलंय!"

"अहो, मला काही झालं नाही!"

"धक्क्यानं असंच बोलतात," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "हळद आण!"

हळद काय, हाताशीच होती! हळदीकुंकवाच्या पाळ्यातली मूठभर हळद माझ्या कपाळावर थापली. वरून कुणी तांब्याभर पाणी ओतलं. मी उठायला लागले की चार हात मला दाबत. आतून पुरुषमाणसांचे आवाज येत होते, "तुळया जागेवर आहेत! खांबही उभे आहेत! मग पडलं काय?" एकजण तर माझी कैरीची डाळ ओलांडून गौरीच्या झोपाळ्याखाली कुणी गाडलं गेलंय का बघत होता.

आणि तेवढ्यात हे आले.

तुम्हाला खरं वाटणार नाही, ह्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती! कानावरचा टाक कुठेतरी पडला होता. भर बाजारातून धावत आले होते ते, कोर्टातले शिरस्तेदार! ओट्यावर रांगेनं लाल तोंडाच्या बायका. कुणाची कोण, काही ओळखू येईना. हे एकेकीच्या तोंडाकडे बघत निघाले, आणि मग लाल-पिवळी होऊन आडवी पडलेली मी दिसले.

"सुशीले!"

सगळ्या गल्लीसमोर! अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत माझं नाव म्हणून ह्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. 'अगं' आणि 'ऐकलंस का', यावर संसार झालेला. उठून बसून 'मी बरी आहे' म्हणायला हवं होतं. कळत होतं मला. पण मी काय केलं माहितीये? डोळे मिटून घेतले. आणखी एकदा हाक ऐकू यावी म्हणून!

"सुशीले, अगं डोळे उघड! बोल काहीतरी!"

आली ना दुसऱ्यांदा! तिसऱ्यांदाही आली असती, पण डॉक्टरीणबाईंचा टांगा येऊन उभा राहिला. कापूस, पट्ट्या, टिंक्चर, सगळा दवाखाना घेऊन आल्या होत्या. "बाजूला व्हा," म्हणाल्या आणि माझ्या कपाळावरची हळद पुसायला लागल्या. पुसली. पुन्हा पुसली. केसांतून बोटं फिरवून जखम शोधली.

"दुखतंय कुठे?"

"कुठेच नाही," मी एक डोळा उघडून म्हटलं.

त्यांनी कापूस नाकाशी नेला. भुवया वर गेल्या. मग जाऊन गोदूवहिनींचं कपाळ पुसलं, आणखी दोघींचं पुसलं. जखम एकीलाही नाही.

"हे कपाळाला काय लावलंय तुम्ही सगळ्यांनी?"

सगळ्या बायकांनी एकदम माझ्याकडे बोट केलं.

मी निमूट आत गेले आणि ती नळी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी वरची इंग्रजी अक्षरं वाचली. आधी ओठ दाबून धरले. मग खांदे हलायला लागले. मग त्या सडेतोड बाई ओट्याच्या खांबाला धरून अशा हसल्या की डोळ्यांत पाणी!

"सुशीलाबाई, अहो, हे कपाळाला नाही लावायचं! हे ओठांना लावायचं! मडमा ओठ रंगवतात ना, तो रंग आहे हा!"

सगळ्याजणींचे हात एकदम कपाळाला गेले.

माझ्या डोळ्यांपुढे एकदम करीमभाई उभे राहिले. 'साहेबांना चालंल का?' आणि मी काय म्हटलं होतं? 'त्यांनीच सांगितलं!' आणि 'देवळात जाताना तर आधी!' अगं आई गं! त्या देवमाणसानं आमच्या ह्यांच्याबद्दल काय समजूत करून घेतली असेल!

पहिल्या बोलल्या त्या गोदूवहिनी. "म्हणजे," त्या ओट्यावरून उठत म्हणाल्या, "इतके दिवस गोऱ्या मडमांचे ओठ आमच्या कपाळावर?"

आणि मग कोण आधी हसलं मला सांगता यायचं नाही. फावडंवाला हसला, शिडीवाला शिडीवरच हसला, रखमा तर पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली. बायका एकमेकींची तोंडं बघून नव्यानं हसायच्या. शेवटी जमलेल्या सगळ्या पुरुषांना मी पन्हं दिलं. माळवद काढायला आले होते बिचारे, रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?

हे मात्र हसले नाहीत. कुणाच्या तरी डोक्यावरची टोपी मागून घेतली, घातली आणि कोर्टात परत गेले. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी स्वतः विचारलं म्हणे, "शिरस्तेदार, माळवद कसं आहे?" तेव्हा कुठे घरी येऊन, जेवता जेवता, ह्यांना असं हसू फुटलं की आमटी ताटाबाहेर.

माझ्या कपाळाची सोय डॉक्टरीणबाईंनी लावून दिली. ओळखीच्या एका घरी घोटलेलं लाल गंध मिळायचं, काडीनं लावायचं, ते सोसलं मला. पदरांवरचे डाग काही गेले नाहीत. पण राग धरला नाही हो कुणी. गोदूवहिनी तर हळूच म्हणाल्या, "रंग बाकी बरा होता गं."

आता शेवटचं सांगते आणि उठते. त्या नळीच्या बुडाशी थोडं शिल्लक होतं. टाकवेना. एका संध्याकाळी घरात कुणी नव्हतं. मनात आलं, एवढं रामायण झालं, पण हे जिथं लावायचं तिथं कसं दिसतं ते आपण बघितलंच नाही! दार ढकललं, आरसा घेतला, आणि लावलं ओठांना. अगदी कडेकडेनं, बोट न थरथरू देता. स्नो लावला, पावडर लावली. आरशात बघितलं आणि काय सांगू, मीच मला ओळखेना! पंचेचाळिशी गेली कुठल्या कुठे! अशी लाजले की पदरच तोंडावर घेतला.

इतक्यात दार वाजलं. हे आले. म्हटलं, आज पळायचं नाही. पदर नीट केला, मान वर केली आणि ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. नुसती गालात हसले.

हे थबकले. टोपी खुंटीला अडकवता अडकवता हात तसाच राहिला. माझ्या तोंडाकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं. वाटलं, आता येणार! आता ह्यांच्या तोंडून पुन्हा 'सुशीले' येणार!

हे म्हणाले, "एकटीनंच खाल्लास ना विडा? मला लावून दे की एक, आणि कात जरा बेतानं घाल, तुझ्या तोंडाला फार चढलाय."

मी काय केलं असेल? गेले आत, आणि दिला विडा लावून!